मजकूर एका जागी, दारे अनेक : मंडळाच्या नव्या वेबसाइटविषयी थोडे समजून घेऊ



मंडळाची वेबसाइट नव्याने उभी करायची, हा विषय गेल्या बैठकीत निघाला. तेव्हा आपल्या तरुण मंडळींनी ‘हेडलेस सीएमएस’ असा शब्द वापरला. काहींनी माना डोलावल्या, काहींनी चहाचे कप हातात घेतले. मी चहावाल्यांत होतो. घरी आल्यावर पुतण्याला विचारले, “हेडलेस म्हणजे बिनडोक ना रे?” तो हसून म्हणाला, “काका, डोके नाही असे नाही. एकच ठरलेले डोके नाही. पाहिजे तितकी बसवता येतात.” मी म्हटले, “मग त्याला दशानन म्हणा की!”

त्यानंतर दोन महिने पुतण्याला विचारून आणि स्वतः वापरून पाहून मी हा विषय समजून घेतला. मी बी.कॉम. झालेला, सदतीस वर्षे बँकेत काढलेला माणूस. संगणकाचा अभियंता नव्हे. म्हणून हा लेख जाणकारांसाठी नाही. येत्या सर्वसाधारण सभेत या खर्चाला हात वर करायचा की नाही, हे ज्यांना ठरवायचे आहे, त्यांच्यासाठी आहे.

जुन्या साइटचे काय झाले

आपली जुनी साइट एका हौशी सभासदाने नोकरी सांभाळून, रात्री जागून, एक पैसाही न घेता बनवली होती. त्याचे उपकारच आहेत. पुढे तो पुण्याला नोकरीला गेला. साइट ज्या सर्व्हरवर होती त्याच्या भाड्याची सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर येत राहिली, ती कोणी पाहिली नाही आणि एक दिवस साइट बंद पडली. दोष एकट्याचा नाही. आपण सगळ्यांनीच तो कारभार एका माणसाच्या खिशात ठेवला होता.

त्या साइटवर काय होते ते आठवा. गणेशोत्सवाचे फोटो, कोजागरीचे कार्यक्रम, स्मरणिकेतले लेख, श्रद्धांजल्या. आणि सगळ्यात मोलाच्या म्हणजे ज्येष्ठांच्या आठवणी. खानदेशातून, विदर्भातून कोण कधी या गावी आले, रेल्वेत लागले की मिलमध्ये, पहिले बिऱ्हाड कुठे थाटले, पहिला गणपती कोणाच्या ओसरीत बसला. सांगणाऱ्यांपैकी काही जण आज आपल्यात नाहीत. त्यांचे बोलणे पुन्हा लिहून घेता येणार नाही.

सुदैवाने साइटची एक जुनी प्रत एका पेन ड्राइव्हवर सापडली. पण ती उघडल्यावर खरी अडचण कळली. लेख, रंग, चौकटी, मेनू, फोटोंच्या मापाच्या सूचना, सगळे एकमेकांत कालवलेले. भातातून खडे वेचावेत तसा मजकूर वेचावा लागला. काही जुने लेख तर डीटीपीच्या खास फाँटमध्ये होते. तो फाँट संगणकात नसला की पडद्यावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरे आणि खुणांची खिचडी दिसते. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण आपल्याकडचे छपाईचे काम पुढे कितीतरी वर्षे जुन्या फाँटमध्येच चालले. अक्षर आणि त्याचे दिसणे यांची गाठ मारून ठेवली की असे होते. दिसणे गेले की अक्षरही जाते.

मला या सगळ्यातून एकच गोष्ट उमगली आणि या लेखात तीच सांगायची आहे. वेबसाइटचा दर्शनी भाग चार-पाच वर्षांनी बदलणारच. मजकूर मात्र राहायला हवा. म्हणून दोन्ही वेगळे ठेवले पाहिजेत.

खातेवही आणि खिडकी

सीएमएस म्हणजे कंटेंट मॅनेजमेंट सिस्टिम. मजकूर लिहिण्याची, दुरुस्त करण्याची आणि जपून ठेवण्याची व्यवस्था. ती असली की पान बदलायला प्रोग्रामर लागत नाही. आपण पासवर्ड टाकून आत जातो, मजकूर लिहितो, बटण दाबतो. नेहमीच्या सीएमएसमध्ये मजकुराची कोठी आणि लोकांना दिसणारी साइट एकाच घरात असतात. हेडलेसमध्ये कोठी वेगळी आणि दर्शनी भाग वेगळा. दर्शनी भाग म्हणजे ‘हेड’. तो कोठीला जोडलेला नाही, म्हणून ‘हेडलेस’.

बँकेच्या भाषेत सांगतो. मी १९८३ साली नोकरीला लागलो, तेव्हा तुमचे खाते म्हणजे आमच्या शाखेतल्या जाड लेजरमधले एक पान होते. पैसे काढायचे तर त्याच शाखेत, त्याच काउंटरवर यावे लागे. लेजर दुसऱ्या टेबलावर गेले असेल तर ते परत येईपर्यंत थांबावे लागे. खाते आणि खिडकी एकमेकांना बांधलेली होती.

पुढे कोअर बँकिंग आले. खाते शाखेतून उठले आणि मध्यवर्ती सर्व्हरवर गेले. आता लालबागच्या एटीएममध्ये कार्ड घातले तर त्या यंत्राच्या पोटात तुमची शिल्लक लिहिलेली नसते. ते मध्यवर्ती सर्व्हरला विचारते, “या खात्यात किती आहेत?” उत्तर येते आणि पडद्यावर दिसते. शाखेतला कारकून तेच विचारतो, मोबाइलमधले ॲपही तेच विचारते. विचारण्याच्या आणि उत्तर देण्याच्या या ठरलेल्या रीतीला संगणकाच्या जगात एपीआय म्हणतात. २०१६ साली यूपीआय सुरू झाले तेव्हा बँकांना तुमची खाती नव्याने लिहावी लागली नाहीत. खाती होती तिथेच राहिली, एक नवी खिडकी उघडली.

हेडलेस सीएमएस म्हणजे मजकुराचे कोअर बँकिंग. मंडळाचे लेख, फोटो, कार्यक्रम एका कोठीत. वेबसाइट तिला विचारते, “पुढचे तीन कार्यक्रम कोणते?” मोबाइल ॲप तेच विचारते. गणपतीत मंडपात टीव्ही लावतो, तोही तेच विचारू शकतो. वर्षअखेरीला स्मरणिका छापताना डीटीपीवाल्याला मजकूर तिथूनच देता येतो. एकदा लिहायचे, चार ठिकाणी दाखवायचे.

याहून जुने उदाहरण हवे असेल तर लांब जायला नको. आपल्या लालबागजवळचा कुंडी भंडारा, म्हणजे खूनी भंडारा, पाहुण्यांना दाखवायला आपण सगळेच नेतो. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, अब्दुल रहीम खानखाना इथे सुभेदार असतानाची ही योजना. सातपुड्याच्या डोंगरातून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यात गोळा होते आणि उताराने शहराकडे वाहते. वर ठरावीक अंतरावर विहिरीसारख्या शंभराच्या आसपास कुंड्या. पाणी एकच, काढायच्या जागा अनेक. एखाद्या कुंडीचा कठडा ढासळला तर तो पुन्हा बांधता येतो, पाण्याला काही होत नाही. उलट खालचा बोगदाच क्षारांच्या थरांनी आणि गाळाने बुजला, तर वर कितीही सुंदर कठडे बांधा, कोरडेच राहणार. आपण जुन्या साइटच्या वेळी सगळे पैसे आणि सगळी हौस कठड्यावर खर्च केली. बोगद्याकडे कोणी पाहिले नाही.

मराठीत हे नवे नाही

मराठी माणूस वेबवर तसा लवकर आला. ‘मायबोली’ हे संकेतस्थळ १९९६ च्या गणेश चतुर्थीला सुरू झाले. तेव्हा भारतात फार थोड्या घरांत इंटरनेट होते. पुढे तयार सीएमएस आले. ड्रुपल २००१ मध्ये, वर्डप्रेस २००३ मध्ये, जूमला २००५ मध्ये. गावोगावच्या मंडळांच्या, शाळांच्या, पतपेढ्यांच्या साइट यांच्यावरच उभ्या राहिल्या.

मग हातात स्मार्टफोन आला. तोच मजकूर संगणकावर, फोनवर आणि ॲपमध्येही दाखवायची गरज पडली. तेव्हा ‘मजकूर वेगळा ठेवा’ हा विचार जोर धरू लागला. बर्लिनची काँटेंटफुल ही कंपनी २०१३ पासून याच धंद्यात आहे. वर्डप्रेसनेही डिसेंबर २०१६ मध्ये, ४.७ या आवृत्तीत, आपल्या कोठीतला मजकूर एपीआयवरून बाहेर देण्याची सोय मूळ प्रणालीतच केली. म्हणजे नेहमीचे वर्डप्रेससुद्धा आज हेडलेस पद्धतीने वापरता येते. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी तिचा उपयोग आहे.

या विचाराचे सगळ्यात मोठे उदाहरण मराठी विकिपीडियात रोज दिसते. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. सुरुवातीला प्रत्येक भाषेचा विकिपीडिया आपले फोटो वेगळे चढवत असे. २००४ मध्ये ‘कॉमन्स’ नावाची सामाईक फोटोकोठी झाली. आता कोणी असीरगडाचा एक चांगला फोटो तिथे ठेवला की तो मराठी, हिंदी, इंग्रजी अशा कोणत्याही भाषेच्या लेखात वापरता येतो. २०१२ मध्ये ‘विकिडेटा’ आले. त्यात गावाचे अक्षांश-रेखांश, लोकसंख्या, जिल्हा अशी माहिती एका जागी नोंदलेली असते. ज्या लेखांची माहितीचौकट या कोठीला जोडलेली आहे, त्यांत आकडा एकदा दुरुस्त केला की सगळीकडे दुरुस्त होतो. तत्त्व आपल्या कामाचेच आहे, फक्त पसारा जगभराचा आहे.

चिठ्ठी नव्हे, स्लिप

कोठी वेगळी केली म्हणून काम संपत नाही. तिच्यात माल कसा ठेवायचा, हे जास्त महत्त्वाचे.

बँकेत पैसे भरायला आलेला माणूस “माझ्या खात्यात अमुक रुपये भरावेत ही विनंती” अशी चिठ्ठी लिहीत नाही. तो स्लिप भरतो. तारखेचा रकाना वेगळा, खाते क्रमांकाचा वेगळा, रक्कम आकड्यात आणि अक्षरी, खाली सही. रकाने वेगळे असतात म्हणूनच संध्याकाळी हिशेब जुळतो.

जुन्या साइटवर आपण चिठ्ठ्या लिहीत होतो. “येत्या रविवारी सायंकाळी नेहमीच्या सभागृहात कोजागरीनिमित्त...” असा एक परिच्छेद. वाचणाऱ्या माणसाला ते कळते. पण ‘येता रविवार’ म्हणजे कोणता, हे संगणकाला कसे कळणार? सहा महिन्यांनी वाचणाऱ्या माणसालाही कळत नाही. नव्या व्यवस्थेत ‘कार्यक्रम’ नावाची एक स्लिप असेल. कार्यक्रमाचे नाव, तारीख, वेळ, ठिकाण, वक्ता किंवा कलाकार, माहिती, फोटो. ‘ज्येष्ठांच्या आठवणी’ची स्लिप वेगळी. सांगणाऱ्याचे नाव, मूळ गाव, बुऱ्हाणपूरला आल्याचे साल, व्यवसाय, आठवण, ध्वनिमुद्रण, कोणी लिहून घेतली, कोणत्या तारखेला. जाणकार याला ‘कंटेंट मॉडेल’ म्हणतात.

याचा फायदा काय? एका वर्षी पाडव्याच्या कार्यक्रमाची वेळ बदलली होती. आतल्या पानावर दुरुस्ती झाली, पहिल्या पानावरची राहून गेली. सहा कुटुंबे नटूनथटून दीड तास आधी येऊन बंद दारासमोर उभी राहिली. मीही त्यांत होतो, सौभाग्यवतींचे बोलणे अजून ऐकतो आहे. वेळ एकाच रकान्यात असेल आणि सगळी पाने तिथूनच वेळ घेत असतील, तर अशी चूक होत नाही. शिवाय पुढे कोणी विचारले की १९६० च्या आधी जळगाव भागातून आलेल्या किती जणांच्या आठवणी आपल्याकडे आहेत, तर यादी काढून देता येईल. परिच्छेदांच्या ढिगातून ती निघत नाही.

एक खास आपल्या गावची गंमत सांगतो. ‘बुऱ्हाणपूर’ हा शब्द आपल्यातच किती प्रकारे लिहिला जातो ते पाहा. कोणी बुऱ्हाणपूर, कोणी बुर्हाणपूर, हिंदीच्या सवयीने कोणी बुरहानपुर. त्यात हा अर्धा ऱ टाइप करायच्या दोन पद्धती आहेत. पडद्यावर दोन्ही सारख्याच दिसतात, पण संगणकाच्या लेखी त्या वेगळ्या असू शकतात. मग एका प्रकारे शोधले तर दुसऱ्या प्रकारे लिहिलेले लेख सापडत नाहीत. उपाय सोपा आहे. गावाचे नाव टाइप करायचे नाही, तयार यादीतून निवडायचे. यादीत ते एकदाच नीट लिहिलेले असेल.

लिहिणारा एक, तपासणारा दुसरा

बँकेत कोणतीही महत्त्वाची नोंद एकटा माणूस पूर्ण करत नाही. एक जण नोंद करतो, दुसरा तपासून मंजूर करतो. याला मेकर-चेकर म्हणतात. बहुतेक सीएमएसमध्ये ही सोय करता येते. लेखक मजकूर भरतो, तो ‘मसुदा’ म्हणून राहतो. संपादकाने मंजुरी दिली की प्रसिद्ध होतो. कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद ठेवता येते आणि चूक झाली तर आधीच्या आवृत्तीवर परत जाता येते. चांगल्या प्रणालीत या सोयी असतात, पण प्रत्येकीत आणि प्रत्येक फुकट आवृत्तीत असतील असे धरून चालू नका. ठरवण्याआधी विचारून घ्या.

मंजुरीनंतर काय होते तेही सांगतो. मजकूर दाखवायच्या दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत वाचक आला की कोठीला विचारून पान त्याच क्षणी बनवतात. आपल्याकडची मावा जिलेबी कशी गिऱ्हाईक आले की कढईतून काढतात, तसे. दुसऱ्या रीतीत मंजुरी मिळताच सगळी पाने आधीच बनवून ताटात मांडून ठेवतात, वाचक आला की नुसते वाढायचे. आपल्यासारख्या मंडळाला दुसरी रीत परवडते. पाने पटकन उघडतात, सर्व्हरचा खर्च कमी येतो आणि दर्शनी भागात चोराला शिरायला फारशी फट उरत नाही. फक्त मंजूर केलेला बदल दिसायला थोडा वेळ लागतो. तेव्हा बटण दाबून लगेच “दिसत नाही, दिसत नाही” असा फोन कोणाला करू नये.

वजाबाकीची बाजू

कर्जाचा अर्ज तपासताना आम्ही फायद्याच्या आधी जोखीम लिहीत असू. इथे तिला शेवटी जागा मिळाली, पण ती कमी महत्त्वाची नाही.

पहिली गोष्ट, दर्शनी भाग बांधायला जाणकार माणूस लागतो. नेहमीच्या वर्डप्रेसमध्ये तयार साज मिळतात, एक निवडला की साइट उभी राहते. हेडलेसमध्ये हा भाग वेगळा बांधून घ्यावा लागतो. म्हणजे सुरुवातीचा खर्च आणि वेळ दोन्ही जास्त.

दुसरी, लिहिताना पान शेवटी कसे दिसेल ते आपोआप समोर दिसत नाही. रकाने भरताना थोडे कोरडे वाटते. आधी पाहण्याची सोय वेगळी करून घ्यावी लागते. ती कराराच्या वेळीच मागून घ्यावी.

तिसरी, कोठी कुठे ठेवायची हा प्रश्न. एक मार्ग म्हणजे काँटेंटफुल किंवा सॅनिटी यांच्यासारख्या कंपनीकडे. सर्व्हर त्यांचा, डोकेदुखी त्यांची, पण फुकट मर्यादा संपली की दर त्यांनी ठरवायचे. दुसरा मार्ग म्हणजे स्ट्रॅपी, डायरेक्टस किंवा वर्डप्रेस अशी प्रणाली आपल्या भाड्याच्या सर्व्हरवर बसवायची. मग ताबा आपला, आणि वेळोवेळी अद्ययावत करायची, राखायची जबाबदारीही आपली.

चौथी गोष्ट मला सगळ्यात धोक्याची वाटते. समजा, सभासदांच्या नोंदीत मोबाइल नंबर आणि पत्ता हे रकाने आहेत. साइटवर ते दाखवायचे नाहीत असे आपण ठरवले आणि ते दिसतही नाहीत. पण एपीआयच्या परवानग्या नीट लावल्या नसतील, तर कोठीला थेट विचारणाऱ्याला ते मिळू शकतात. खिडकीतून दिसत नाही म्हणजे तिजोरीला कुलूप आहे असे नव्हे. माझे तर म्हणणे आहे की सभासदांचे नंबर, पत्ते, वर्गणीचा हिशेब या कोठीत ठेवूच नयेत. जे जगाला वाचायला द्यायचे आहे तेवढेच तिथे ठेवावे. लग्नाळू मुलामुलींची माहिती तर मुळीच नको.

पाचवी, “फेसबुक आणि व्हॉट्सॲप आहे, मग साइट कशाला?” असे काही सभासद विचारतात. निरोपासाठी ती साधने उत्तमच आहेत, बंद करायची नाहीत. पण मागच्या पाडव्याचा फोटो व्हॉट्सॲपवर शोधून पाहा. दूर कशाला, ज्याने पाठवला त्याने फोन बदलला की त्याच्याकडेही तो असेलच असे नाही. दवंडी आणि दप्तर यांत फरक आहे.

माझे मत

ज्या संस्थेला पाच-सात पाने आणि वर्षाला चार सूचना एवढेच हवे आहे, तिला हेडलेसची गरज नाही. साधे वर्डप्रेस पुरते. आपली गोष्ट थोडी वेगळी आहे. साइट, स्मरणिका, मंडपातला पडदा आणि आठवणींचा संग्रह, असे चार उपयोग आपल्याला एकाच मजकुराचे करायचे आहेत. म्हणून मी हळूहळू जाण्याच्या बाजूचा आहे. पहिल्या वर्षी वर्डप्रेस घ्यावे, कारण त्यात लिहायची सवय आपल्यातल्या काहींना आधीच आहे. पण स्लिपांचे रकाने पहिल्या दिवसापासून नीट आखावेत. सुरुवातीला त्याचाच तयार साज वापरावा. दुसऱ्या वर्षी पैसे आणि माणूस मिळाला की दर्शनी भाग वेगळा बांधून घ्यावा. कोठी तीच राहील, मजकूर पुन्हा भरावा लागणार नाही.

मात्र कोणतीही प्रणाली घेतली तरी पुढच्या गोष्टी ठरावात लिहून घ्याव्यात, अशी माझी सूचना आहे.

१. डोमेन, सर्व्हर आणि सीएमएस यांची नोंदणी मंडळाच्या नावाने आणि मंडळाच्या ईमेलवर असावी. कोणाच्याही वैयक्तिक ईमेलवर नको.

२. बँकेच्या स्ट्राँग रूमला दोन किल्ल्या असतात, दोन वेगळ्या अधिकाऱ्यांकडे. त्याप्रमाणे पासवर्ड आणि नूतनीकरणाची तारीख अध्यक्ष व सचिव दोघांकडे असावी. कार्यकारिणी बदलली की ताबा लेखी द्यावा-घ्यावा.

३. दर महिन्याला सगळा मजकूर आणि सगळे फोटो साध्या फाइलींमध्ये उतरवून दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावेत. वर्षातून एकदा त्या फाइली खरोखर उघडून पाहाव्यात. न उघडलेला बॅकअप म्हणजे न मोजलेली रोकड.

४. साइट बांधून देणाऱ्याने तिच्या सांगाड्याची, म्हणजे कोडची, पूर्ण प्रत मंडळाला द्यावी.

५. मजकूर फक्त युनिकोडमध्ये. स्मरणिकेचा डीटीपीवाला जुना फाँट वापरत असेल, तर युनिकोड प्रत आधी आपल्याकडे, मग छपाईला.

हे पाच मुद्दे कोणत्याही तंत्रज्ञानाशिवाय आजही पाळता येतात. जुन्या साइटच्या वेळी यातला पहिला एक पाळला असता, तरी हा लेख लिहायची वेळ आली नसती.

शेवटी एक विनंती. यंत्र कोणतेही येवो, त्यात भरायचे काय हे आपल्या घरांतच आहे. पेन ड्राइव्हवर जे मिळाले त्यातून बऱ्याचशा आठवणी वाचवता आल्या, सगळ्या नाही. ज्यांच्याकडे जुन्या स्मरणिका, गणेशोत्सवाच्या पत्रिका, फोटोंचे अल्बम असतील, त्यांनी ते सभेला सोबत आणावेत. तिथल्या तिथे स्कॅन करून लगेच परत देऊ. फोटोमागे नावे लिहिली नसतील, तर घरातल्या मोठ्यांना विचारून एका वेगळ्या कागदावर उतरवून आणा. फोटोमागे बॉलपेनने लिहू नका, त्याचे वळ पुढच्या बाजूला उमटतात. आणि घरात सत्तरीच्या पुढचे कोणी असतील तर या आठवड्यात अर्धा तास त्यांच्याजवळ बसा, फोनवर ध्वनिमुद्रण लावा आणि एकच प्रश्न विचारा, “तुम्ही इथे कसे आलात?” बाकीचे रकाने आपण सावकाश भरू.

सभेत प्रश्न जरूर विचारा. मला उत्तर आले नाही तर पुतण्याला पुढे करीन.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक सभासद (निवृत्त बँक अधिकारी), लालबाग, बुऱ्हाणपूर